म्हाताऱ्या कुत्र्याला ‘ताकदीचं औषध’ : कोणतं, किती आणि कधी?

मैत्रिणींनो, घरातला कुत्रा म्हातारा व्हायला लागला की ते सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं? ‘पाळू या ना’ म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलांच्या नव्हे, आणि ज्यांच्या नावाने तो ‘अमक्यांचा कुत्रा’ म्हणून ओळखला जातो त्यांच्याही नव्हे. लक्षात येतं ते तुमच्या-माझ्या. कारण त्याची थाळी आपण मांडतो आणि थाळीत उरलेली भाकरीही आपणच उचलतो. दोन उड्यांत जिना चढणारा तो आता पहिल्या पायरीशी थांबून वर बघतो. दूधवाला आला तरी उठत नाही. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले असतात. मग घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आमच्या काळूकडे बघून म्हणाल्या, ‘‘बाई, थकला आता हा. याले काही ताकदीचं औषध आना न.’’

ताकदीच्या औषधांना आता तोटा नाही. जठारपेठेत राहणाऱ्या आम्हां बायकांनाही ती हाकेच्या अंतरावर मिळतात. थेंब, सिरप, गोळ्या, पावडरी, चघळायच्या वड्या. बाटलीवर तुकतुकीत अंगाचा, उड्या मारणारा कुत्रा असतो. रोज एक चमचा द्या, तुमचा म्हाताराही असाच होईल, असं ते चित्र न बोलता सांगत असतं. काळू बारा वर्षांचा आहे म्हटल्यावर ओळखीच्या बायका मला विचारतात, ‘‘तुम्ही कोणतं देता हो?’’

नाव सांगून मोकळं व्हायला वेळ लागत नाही. पण बाटलीचं नाव ही या प्रश्नातली शेवटची गोष्ट. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या : तो थकला आहे कशाने, आणि तो रोज खातो काय. या दोन्हींचं उत्तर मिळालं की बाटली निवडायला पाच मिनिटं पुरतात. कधी कधी तर बाटली लागतच नाही.

थकवा वयाचा की आजाराचा?

कुत्रा म्हातारा कधी म्हणायचा? लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांसारखे मोठ्या अंगाचे कुत्रे सहा-सात वर्षांनंतरच वयस्करांत जमा होतात. आपला गावठी कुत्रा आठ-नऊ वर्षांनंतर, आणि पॉमेरेनियनसारखा लहान चणीचा त्याहूनही थोडा उशिरा. त्याच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चौथा हिस्सा म्हणजे म्हातारपण, असा साधा हिशेब डॉक्टर धरतात.

वय झालं की चाल मंदावते, झोप वाढते, ऐकू कमी येतं. पण हे सगळं हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत होतं. महिन्याभरात कुत्रा एकदम गळून गेला, तर ते म्हातारपण नाही, तो आजार आहे असंच समजा. आणि आजारावर टॉनिक म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

आपल्याकडे सगळ्यांत आधी शंका घ्यायची ती गोचिडांची. गोचीड चावल्याने रक्तात शिरणारे जंतू हळूहळू कुत्र्याचं रक्त कमी करतात. कुत्रा मलूल होतो, खाणं टाकतो, हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. घरचे म्हणतात, ‘‘रक्त कमी झालंय, लोहाचं औषध आणू.’’ पण लोहाने ते जंतू मरत नाहीत. रक्ताची साधी तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स हाच त्यावर उपाय. तीन आठवडे टॉनिक पाजण्यात गेले, तर तेवढे तीन आठवडे जंतूंना मोकळं रान मिळतं.

दुसरी शंका मूत्रपिंडाची. हा आजार फार लबाड आहे. मूत्रपिंडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. तोवर घरात दिसतं ते एवढंच, की कुत्रा पाणी जास्त पितो, लघवीला जास्त जातो आणि वजन उतरतं. अशा कुत्र्याला कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व असलेलं टॉनिक दिलं तर भल्यासाठी केलेली गोष्ट अंगाशी येते.

तिसरी गोष्ट कुत्री पाळणाऱ्यांसाठी, आणि ती बायकांनी तरी विसरू नये. ऑपरेशन न केलेल्या वयस्कर कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका घरी दहा वर्षांची पॉमेरेनियन होती. ती मलूल झाली, पाणी खूप प्यायला लागली. दुकानातून आणलेलं टॉनिक सुरू झालं. ‘‘उन्हाळा आहे, पाणी पिणारच’’ असं सगळेच म्हणत होते. शेवटी पोट फुगलेलं दिसलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्याच दिवशी गर्भाशय काढावं लागलं. कुत्री वाचली. पण आणखी दोन दिवस टॉनिकच्या भरवशावर गेले असते तर वाचली नसती, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

म्हणून बाटली आणण्यापूर्वी घरच्या घरी चार गोष्टी करून बघा. त्याला पैसा लागत नाही.

वजन : कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा असेल तर दवाखान्याच्या काट्यावर न्या. दर महिन्याला कॅलेंडरवर आकडा लिहा.

पाणी : सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून अधिक पाणी रोज प्यायलं, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा थोडं वाढणारच. पण पावसाळ्यात-हिवाळ्यातही तेवढंच पीत असेल तर उन्हाला दोष देऊ नका.

हिरड्या : ओठ वर करून बघा. गुलाबी असल्या तर ठीक. पांढऱ्या, पिवळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. तोंडाला घाण वास येत असेल, दाढा किडल्या किंवा हलत असतील, तर तो न खाण्याचं कारण भूक नसून दातदुखी असू शकतं.

अंग : कानामागे, पंजांच्या बोटांमध्ये, शेपटीखाली गोचिडा शोधा. तिथेच त्या दडतात.

यानंतर वर्षातून एकदा, आणि म्हातारपणी जमलं तर सहा महिन्यांतून एकदा, रक्त आणि लघवी तपासून घ्या. आपण अकोलेकर यात नशीबवान आहोत. मूर्तिजापूर रस्त्यावर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. २००० साली नागपूरला स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ती संस्था. अनेकींना वाटतं, तिथे फक्त गाईम्हशी नेतात. तसं नाही, कुत्र्यामांजरांचेही डॉक्टर तिथूनच शिकून तयार होतात. इतर गावच्या मैत्रिणींनी आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

थाळीत काय पडतं?

रक्त, लघवी, दात सगळं ठीक निघालं, की मग थाळीकडे वळायचं. या बाबतीत घरं तीन प्रकारची असतात.

पहिलं घर : कुत्र्याला विकतचं तयार खाद्य पोटभर दिलं जातं. त्या पिशवीवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यात आधीच मोजून घातलेली असतात. त्यावर रोजचं टॉनिक म्हणजे मीठ घातलेल्या वरणात पुन्हा मीठ घालणं. डॉक्टरांनी खास कारणासाठी सांगितलं नसेल तर या घरात बाटली आणूच नये.

दुसरं घर : थोडं तयार खाद्य आणि थोडं घरचं. तयार खाद्य निम्म्याहून जास्त असेल आणि घरच्यात अंडी, दही, डाळ, भाजी असेल, तर सहसा फारसं काही कमी पडत नाही.

तिसरं घर : भाकरी-दूध, पोळी-दूध किंवा वरणभात. आपल्या वऱ्हाडात अशी घरं फार. ‘‘आमच्या वाड्यावरचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवरच वाढले’’ असं सासरची मंडळी सांगतात. ते खरंही आहे. पण ते कुत्रे दिवसभर शेतात फिरून उंदीर, घुशी, पक्षी, मेलेलं जनावर असं बरंच काही खात होते. आपल्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुत्र्याला घुशी कुठून मिळणार?

भाकरीची एक गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या गरीब माणसांना पेलाग्रा नावाचा रोग होई. कातडी काळवंडे, तोंड येई, जुलाब होत. ब गटातलं नायसिन कमी पडल्याने हा रोग होतो. कुत्र्यांमध्ये याच रोगाला ‘काळी जीभ’ म्हणतात. अमेरिकेत १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाने काळी जीभ झालेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, देऊन बरं केलं, आणि त्यातूनच माणसाच्या पेलाग्राचं औषध सापडलं. पुढे हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, बेलवाडी आणि सी. गोपालन यांनी ज्वारीच्या आहारावर कुत्रे ठेवून पाहिले. ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते, असं त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलं.

म्हणून भाकरी बंद करायची का? मुळीच नाही. भाकरीच्या जोडीला प्रथिनं हवीत, एवढाच याचा अर्थ. अंडं, चिकन, मासे, दही, पनीर, मऊ शिजवलेली डाळ यांतलं काही ना काही रोज थाळीत पडलं तर भाकरी निर्धास्त द्या. ‘म्हाताऱ्याला प्रथिनं पचत नाहीत’ हा जुना समज आता मागे पडला आहे. मूत्रपिंड ठीक असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी नव्हे, उलट थोडी जास्तच लागतात, कारण वयाबरोबर त्याचं मांस झडत असतं.

तरीही घरचं अन्न घरचं म्हणून पुरेसं असतंच, असं नाही. अमेरिकेतल्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयाने घरी करायच्या श्वान-आहाराच्या २०० पाककृती तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष छापला. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता. पुस्तकांतल्या पाककृतींची ही गत, तर आपल्या पोळी-दुधाची काय सांगावी! तेव्हा रोजच्या मल्टिव्हिटॅमिनची खरी गरज असते ती या तिसऱ्या घरात. त्यातही ज्या घरात अंडं-मांस येत नाही, तिथे अधिक. यात कमीपणा काही नाही. आपल्या घरचे नियम आपल्याला प्रिय असतात, पण ते नियम पाळून कुत्रा पोसायचा तर त्याची भरपाईही आपणच करायला हवी.

त्याचं शरीर आपल्यासारखं नाही

आता बाटलीवरची नावं बघू या. क जीवनसत्त्व कुत्रा स्वतःच्या यकृतात तयार करतो. ज्या बाटलीवर ‘भरपूर क जीवनसत्त्व’ हीच मोठी जाहिरात आहे, तिचे पैसे निरोगी कुत्र्यासाठी खर्च करायची गरज नाही.

ड चं मात्र उलटं. आपण उन्हात बसलो की आपल्या कातडीत ड तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. अकोल्याच्या उन्हात दिवसभर लोळला तरी त्याला ड अन्नातूनच मिळावं लागतं. लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली कुत्र्याच्या पिल्लांवरच दाखवून दिलं होतं, की मुडदूस आहाराच्या उणिवेतून होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने टळतो.

अ जीवनसत्त्व कुत्रा गाजर, लाल भोपळा, पालक यांतून बनवू शकतो. मांसाहारी घरात तर प्रश्नच मिटला. १० किलोच्या कुत्र्याला आठवड्याला साधारण ५० ग्रॅम कोंबडीची कलेजी दिली, तर अ ची किमान गरज भागते. मात्र स्वस्त मिळते म्हणून रोज वाटीभर कलेजी, असं नको. अ शरीरात साठत जातं.

ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे जातात. ती साठत नाहीत म्हणून रोज लागतात. लघवी जास्त होणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची ब जीवनसत्त्वं वाहून जातात, आणि तिथे डॉक्टर ती मुद्दाम देतात.

थोडक्यात, ब बद्दल फार काळजी नको. अ, ड आणि लोह हे मात्र मोजूनमापून. अति तिथे माती, हे जीवनसत्त्वांनाही लागू आहे.

आपल्या औषधांच्या डब्याला हात नको

सगळ्यांत मोठा धोका दुकानातल्या बाटलीत नसून आपल्या कपाटातल्या डब्यात आहे. ‘‘माझ्याच गोळ्यांतली अर्धी देते, जीवनसत्त्वं ती जीवनसत्त्वं’’ असं म्हणणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. हिशेब करून बघू.

आपल्याला डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायला ड ची पुडी किंवा कॅप्सूल देतात, ती ६०,००० युनिटची असते. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने प्रौढ कुत्र्याच्या आहारासाठी दर १००० कॅलरीमागे ड चं प्रमाण किमान १२५ आणि कमाल ७५० युनिट ठरवलं आहे. १० किलोचा म्हातारा कुत्रा दिवसाला साधारण ६०० कॅलरी खातो. म्हणजे त्याची दिवसाची गरज ७५ युनिट आणि कमाल मर्यादा ४५० युनिट. तुमच्या एका पुडीत त्याची चार महिन्यांहून जास्त दिवसांची कमाल मर्यादा भरलेली आहे! इतकं ड एकदम पोटात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते.

लोहाची गोष्टही तशीच. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा गोळ्यांची पट्टी १० किलोच्या कुत्र्याने चावून खाल्ली तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात सून किंवा लेक गरोदर असेल आणि गोळ्या उशाशी ठेवत असेल, तर त्या आजच उंचावर ठेवा.

मुलांच्या गोड जीवनसत्त्व-गोळ्यांत आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाची गोडी असू शकते. माणसाला ती चालते. कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र तिने तासाभरातही घसरू शकते, आणि जास्त गेलं तर यकृत निकामी होतं.

म्हातारा लंगडतो म्हणून आपल्या अंगदुखीची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही नावं घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा : कुत्र्याला नाही.

गावाकडे गोठा असेल तर गाईचं कॅल्शियमही घरात असतं. ते पाच लिटरच्या डब्यात स्वस्त पडतं हे खरं, पण त्याची मात्रा कित्येक क्विंटलच्या जनावरासाठी बेतलेली असते. ‘थोडंसंच घालते’ यातलं थोडंसं म्हणजे किती, ते डोळ्यांनी मोजता येत नाही.

चुकून काही खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. त्या मिठानेही कुत्रा दगावू शकतो. गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात घ्या, किती गोळ्या होत्या ते आठवा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

आता बाटली निवडू या

तपासणी झाली, थाळी बघून झाली, डॉक्टरांनीही ‘द्यायला हरकत नाही’ म्हटलं. मग दुकानात गेल्यावर चित्राकडे पाहू नका. बाटली उलटी करा आणि मागचं बारीक छापलेलं वाचा. चष्मा न्यायला विसरू नका!

पहिलं : ती कुत्र्यांसाठी आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे का? ‘सर्व जनावरांसाठी’ आणि ‘पक्ष्यांसाठी’ची बाटली नको.

दुसरं : मात्रा वजनाप्रमाणे दिली आहे का? ‘लहान कुत्रा १ चमचा, मोठा २ चमचे’ यापेक्षा ‘दर ५ किलोमागे इतकं’ असं लिहिणारा उत्पादक बरा.

तिसरं : प्रत्येक घटकाचा आकडा आहे का? नुसतं ‘जीवनसत्त्वं व खनिजांनी समृद्ध’ एवढंच असेल तर बाटली परत ठेवा. ड चा आकडा शोधा. तो मायक्रोग्रॅममध्ये असेल तर ४० ने गुणा म्हणजे युनिट मिळतील. रोजच्या मात्रेत किती युनिट येतात ते काढा, आणि वर सांगितलेल्या मर्यादेच्या खूप खाली आहे ना ते बघा. कारण अन्नातलंही थोडं त्यात मिळणार असतं. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं ते विचारतात. उपयोग हा!

चौथं : तुम्ही आणखी काही देता का? एका बाटलीत मल्टिव्हिटॅमिन, दुसऱ्यात कॅल्शियम, तिसरी यकृताची, चौथी केसांची. चारही बाटल्यांत अ आणि ड असू शकतात. सगळ्या समोर मांडून बेरीज करा. बहुधा एकीवरच भागतं.

पाचवं : बनवल्याची व संपण्याची तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता. यांतलं एक जरी नसेल तर ती बाटली नको.

सांध्यांसाठी माशाचं तेल देतात, त्यातल्या ओमेगा-३ चा संधिवाताला उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. पण माशाचं साधं तेल आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल यांत गल्लत करू नका. यकृताच्या तेलात अ आणि ड भरपूर असतात. ग्लुकोसामाइनच्या वड्या महाग असतात, आणि २०२२ साली झालेल्या सगळ्या अभ्यासांच्या एकत्र पाहणीत त्यांचा फायदा दिसला नाही. तेवढ्या पैशांत महिन्याची अंडी येतील.

कॅल्शियमबद्दल तिसऱ्या घरातल्या मैत्रिणींसाठी एक घरगुती उपाय आहे. अंड्याची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी मैद्यासारखी काढा. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २ ग्रॅम पूड, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरायलाही कमीच, कालवून दिली की पुरे. मात्र मूत्रपिंडाचा किंवा मूतखड्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूडसुद्धा देऊ नका.

देण्याची आणि ठेवण्याची रीत

जीवनसत्त्वाचं औषध जेवणाबरोबर द्यावं. अ, ड, इ यांना शोषून घ्यायला थोडी स्निग्धता लागते. अन्न कढत असताना घालू नका, कोमट झाल्यावर कालवा. आवडीच्या घासात गोळी दडवली तर कांदा-लसूण घातलेल्या भाजीत दडवू नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका-बेदाण्यातही नको, त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. अंडं नेहमी शिजवून द्या. कच्च्या पांढऱ्यामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही.

गोचीडतापासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर लोह, कॅल्शियम आणि दूध त्याबरोबर देऊ नका. औषधाचा जोर कमी होतो. मध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून पाकिटावर लिहून ठेवा.

बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीत नको. आपल्या उन्हाळ्यात तिथे ठेवलेलं औषध तारखेआधीच निकामी होतं. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. चघळायच्या चवदार वड्या तर कुत्र्याच्या नाकापासून दूर, झाकण घट्ट लावून. त्याला तो खाऊच वाटतो आणि हाती लागला तर तो सगळा डबा फस्त करतो.

नवीन औषध एका वेळी एकच सुरू करा आणि वहीत तारीख टाका. सहा ते आठ आठवडे द्या. भूक, वजन, शौच, केसांची चमक यांची दर आठवड्याला एका ओळीत नोंद करा. काही फरक दिसला नाही तर ‘आता दुसरं आणू’ म्हणण्याआधी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या काळूला रोजची भाकरी-डाळ आणि एक अंडं मिळतं. त्याचं रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी एकच साधी कुत्र्यांची मल्टिव्हिटॅमिन गोळी लिहून दिली, तीही निम्म्या मात्रेत. काळू त्याने तरुण झाला नाही. पण थाळीत भाकरी उरायची थांबली आणि चार महिन्यांत वजन टिकून राहिलं. टॉनिककडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

जे बाटलीत मिळत नाही

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत येणारी निळसर धुरकट झाक बहुतेक वेळा वयाचीच असते, ती कोणत्याही जीवनसत्त्वाने जात नाही. खरा मोतीबिंदू असेल तर तो डॉक्टरच ओळखतील.

आयुष्य वाढवणारी एक गोष्ट मात्र अभ्यासाने सिद्ध झाली आहे आणि ती फुकट आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांचा जन्मापासून अभ्यास झाला. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा २५ टक्के कमी अन्न देऊन सडपातळ ठेवलं. २००२ साली निकाल छापला गेला, तेव्हा सडपातळ कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं आणि पोटभर खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं भरलं. जवळजवळ दोन वर्षांचा फरक! आपण मायेपोटी ताटातला शेवटचा तुपाचा घास त्याला टाकतो, तो त्याच्या गुडघ्यांवर जाऊन बसतो. हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, हे माप लक्षात ठेवा.

गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत असतील तर जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे मान फार वाकवावी लागणार नाही. फिरायला उन्हं चढायच्या आत न्या, लांब एकदा नेण्यापेक्षा थोडं थोडं दोनदा. दुपारी पंख्याखालची जागा त्याची राहू द्या.

आणि ज्या मैत्रिणींच्या घरात आत्ता एखादी अर्धी झालेली टॉनिकची बाटली आहे, त्यांनी हे पान खाली ठेवल्यावर ती हातात घ्यावी, उलटी करावी आणि ड च्या पुढचा आकडा वाचावा. आकडाच नसेल, तर उद्यापासून त्या पैशांची अंडी आणा.